देखाव्याभोवतीचा समाज

पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवातील देखाव्याचा इतिहास सामान्यतः कलेचा किंवा भक्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु रोजच्या रस्त्यावर काही दिवसांपुरते एक काल्पनिक दृश्य उभे करून अनोळखी माणसांना त्याच्यापुढे एकत्र थांबवण्याची रीत म्हणून त्याकडे पाहिले, तर तो शहराच्या सामाजिक इतिहासाचाही भाग ठरतो. ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’मुळे, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाने रचलेली चित्रे मोबाइलच्या पडद्यावर किंवा चष्म्याच्या काचेत बसवून दाखवणाऱ्या तंत्रामुळे, माणसांच्या भेटीगाठींचे स्वरूप बदलेल अशी चर्चा सुरू असताना या इतिहासाचा विचार करणे उपयोगी आहे.

पेशवाईत शनिवारवाड्यात थाटाने होणारा आणि इतरत्र मुख्यतः घरांच्या माजघरात साजरा होणारा हा उत्सव 1890 नंतरच्या दशकात रस्त्यावर आला. भाऊसाहेब रंगारी यांचा गणपती 1892चा, कसबा आणि तांबडी जोगेश्वरी यांचे सार्वजनिक उत्सव 1893चे, तर टिळकांच्या वाड्यातील उत्सव 1894चा मानला जातो. सुरुवातीचा मान कोणाचा हा वाद पुण्यात अद्याप मिटलेला नाही आणि तो मिटावा अशी फारशी कोणाची इच्छाही दिसत नाही. या पहिल्या काळात उत्सव पाहण्यापेक्षा ऐकण्याचा अधिक होता. व्याख्याने, कीर्तने आणि मेळे, म्हणजे एकसारखा वेश केलेल्या मुलांची व तरुणांची गाणारी पथके, यांच्यासाठी माणसे जमत, आणि मेळ्यांच्या पदांतून राजकारण उघडपणे बोलले जाऊ लागल्यावर ब्रिटिश सरकारने त्यांवर बंधने घातली.

कृत्रिम चित्र पाहण्यासाठी जमण्याची सवय याच सुमारास वेगळ्या मार्गाने रुजत होती. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी 1892च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखवण्याचे खेळ सुरू केले, ज्यांत पुराणातील कथा निवेदन आणि संगीतासह उलगडत जात. जत्रांतून फिरणारी बायोस्कोपची पेटी त्याहून साधी होती: तिच्या प्रत्येक छिद्राला एकाच प्रेक्षकाचा डोळा लागत असला, तरी पेटीवाला चित्रांचे वर्णन मोठ्याने करीत असल्यामुळे सगळ्यांची गोष्ट एकच राही आणि रांगेत उभ्या असलेल्यांनाही ती ऐकू येई.

या दोन्ही प्रवृत्ती, जमून ऐकणे आणि जमून पाहणे, स्वातंत्र्योत्तर काळात मेळे मागे पडत गेल्यावर देखाव्यात एकवटल्या. विजेची मोटार, पट्टे आणि चाके यांच्या साहाय्याने मान वळवणाऱ्या किंवा शस्त्र उगारणाऱ्या मूर्तींचा ‘हलता देखावा’, उत्सव भरवणाऱ्या मंडळातीलच तरुणांनी रंगमंचासारखा साकारलेला ‘जिवंत देखावा’, आणि प्रसिद्ध मंदिरांच्या वा राजवाड्यांच्या भव्य प्रतिकृती असे त्याचे प्रकार रूढ झाले. तुळशीबाग मंडळासाठी डी. एस. खटावकर यांनी अनेक वर्षे केलेली सजावट, दगडूशेठ हलवाई गणपतीपुढील मंदिरांच्या प्रतिकृती आणि नातूबागेची संगीताच्या तालावरची रोषणाई ही त्यातील सर्वपरिचित नावे. हलत्या वा जिवंत देखाव्याचा प्रयोग काही मिनिटांचा असतो. निवेदन संपते, पडदा पडतो, पुढची गर्दी सरकते आणि मागची पुढे येते. त्यामुळे अफजलखानाचा वध असो वा हुंड्याविरुद्धचा प्रसंग, पेठेतील वकील आणि भोर-मुळशीकडून रात्रीपुरते आलेले कुटुंब यांना तो एकाच जागेवरून, एकाच क्षणी, एकमेकांच्या खांद्यांवरून पाहावा लागतो. पुढे उभ्या असलेल्या उंच माणसाला खाली बसायला सांगणे, दुसऱ्याच्या मुलाला उचलून देखावा दाखवणे, पुढच्या चौकात काय पाहण्यासारखे आहे हे अनोळखी माणसाकडून कळणे, हे सगळे या सक्तीतूनच घडते. या गर्दीत धक्काबुक्की होते, स्त्रियांना त्रास होतो आणि ध्वनिवर्धकांमुळे पेठांतील वृद्धांची झोप उडते, हेही तितकेच खरे असून त्याकडे उत्सवाच्या गौरवग्रंथांनी बहुधा डोळेझाक केली आहे.

देखाव्याने जोडलेला समाज प्रेक्षकांपुरताच नसतो. वर्गणीसाठी घरोघर आणि दुकानोदुकानी फिरणे, विषयावरून भांडणे, मांडवाच्या बांबूंमध्ये रात्री जागून (2018च्या बंदीपूर्वी) थर्माकोल कापणे आणि रंग देणे, या कामांतून कार्यकर्त्यांची एक पिढी दुसरीला ओळखते, आणि पुण्याच्या राजकारणातील अनेकांचे पहिले सार्वजनिक काम मंडळातच झालेले आढळते.

ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचा उगम अर्थातच उत्सवात नाही. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी 1968मध्ये संगणकाने रचलेली चित्रे दाखवणारे, डोक्यावर बसवायचे पहिले दर्शक-यंत्र तयार केले, आणि 1990 नंतरच्या दशकाच्या आरंभी बोइंग कंपनीत टॉम कॉडेल यांनी विमानातील तारांच्या जोडणीत कामगारांना मदत व्हावी म्हणून चालवलेल्या प्रयोगांतून हे नाव प्रचारात आले. समाजाला त्याची ओळख झाली ती 2016च्या ‘पोकेमॉन गो’ या खेळामुळे. खऱ्या रस्त्यांवर काल्पनिक प्राणी शोधत हिंडणारी तरुण मंडळी तेव्हा अनेक देशांतील बागांत आणि चौकांत जमू लागली, तर गुजरात उच्च न्यायालयात प्रार्थनास्थळी दिसणाऱ्या खेळातील अंड्यांविरुद्ध याचिका दाखल झाली. आपापल्या पडद्यात पाहणारी माणसेही एकत्र येऊ शकतात, मात्र सर्वांना एकच गोष्ट एकाच ठिकाणी दिसत असेल तेव्हाच, असा या प्रसंगाचा अर्थ घेता येतो.

याउलट, असा चष्मा बनवणारी कंपनी प्रत्येकाच्या आवडीप्रमाणे वेगळे दृश्य दाखवू लागली, तर एकाच चौकात उभ्या असलेल्या दोघांपुढे दोन निराळे चौक असतील, आणि समोर काय चालले आहे यावर अनोळखी माणसाशी बोलण्याचे निमित्तच उरणार नाही. 2020मध्ये करोनाच्या साथीमुळे पुण्यातील मानाच्या, म्हणजे मिरवणुकीत अग्रक्रम असलेल्या, गणपतींचे विसर्जन मांडवातच झाले आणि भाविकांना ऑनलाइन दर्शनावर समाधान मानावे लागले. ज्यांना गर्दीत उभे राहणे शक्य नाही अशा आजारी व वृद्ध माणसांसाठी, तसेच परदेशी गेलेल्या मुलांसाठी, तशी सोय पुढेही मोलाची राहील. परंतु 2022मध्ये निर्बंध उठताच विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून अधिक काळ चालली, यावरून घरात पोहोचलेले चित्र रस्त्यावरच्या गर्दीची जागा घेऊ शकले नाही असाच निष्कर्ष काढावा लागतो. तेव्हा नवे तंत्र मांडवात आणू पाहणाऱ्या मंडळांनी सर्वांना एकच दृश्य दिसेल याची काळजी घ्यावी, आणि ते दृश्य तयार विकत न आणता आपल्याच पोरांकडून घडवून घ्यावे.