पाण्याची पाळी

आमच्या आजोबांना सालं सांगता येत नसत. संस्थान विलीन झालं त्याच्या आदल्या पावसात, गोवा सुटला त्या हिवाळ्यात, असा त्यांचा हिशोब. पाण्याचं मात्र सगळं तोंडपाठ. दिवाळी झाली की वाडीतले बापये व्हाळावर जमत, दगड, माती, पाला टाकून बांध घालत आणि पाटाचं पाणी पोफळीच्या बागांतून फिरायला लागे. कुणाची पाळी सकाळची, कुणाची रातची, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. आपली पाळी संपली की आजोबा खोऱ्याने चार ढेकळं ओढून पाटाचं तोंड बुजवत, पलीकडचं फोडत आणि शेजाऱ्याच्या बागेत पाणी शिरल्याचा आवाज आल्याशिवाय घरी येत नसत. शिमगा होऊन गेला तरी पाट वाहता असे. एवढं पाणी येतं कुठून, असं मी विचारी. ‘पाणी पावस देता, पण सांबाळता तो डोंगर,’ एवढंच ते म्हणत.

भूगर्भतज्ज्ञही हेच सांगतात. सिंधुदुर्ग-गोव्याच्या या पट्ट्यात वरचा सच्छिद्र जांभा आणि त्याखालचं लोहखनिज पावसाचं पाणी मुरवून धरतं आणि सावकाश झऱ्यांना सोडतं. खाणवाल्याला हवं ते खनिज आणि गावाला हवं ते पाणी, दोन्ही डोंगराच्या एकाच पोटात.

आजीचं माहेर गोव्यातल्या डिचोलीकडचं. तिकडे खाणीसाठी डोंगर फोडायला लागल्यावर बावी कशा आटल्या, पहिल्याच मोठ्या पावसात लाल गाळ शेतात कसा उतरला, हे ती सांगे. तिच्या भावाची वायंगणी शेती त्या गाळाखाली गेली ती गेलीच.

म्हणून दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्यात लोहखनिजाची खाण येणार म्हटल्यावर आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. 2008 साली जनसुनावणी ठरली, पण पर्यावरण अहवाल मराठीत नव्हता. लोकांनी हरकत घेतली आणि सुनावणी पुढे ढकलावी लागली. मग मराठी अहवाल आला, सुनावणी झाली, लोकांनी विरोध नोंदवला आणि 2009 मध्ये परवानगीही मिळाली. या क्रमाचा मला अजून संताप येतो. पाटाच्या पाळीवर आयुष्य काढलेल्या माणसांचं त्या डोंगराबद्दलचं म्हणणं कोणी मनावर घेतलंच नव्हतं.

जुलै 2021 मध्ये खाणीत साठलेलं पाणी बांध फोडून कळण्यात घुसलं. घरं, बागा, शेतं चिखलाने भरली.

विकासाला विरोध करणारी माणसं, असा शिक्का या गावांवर सहज मारला जातो. पण पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ यांच्या समितीचं काम चालू असताना याच सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कित्येक ग्रामसभांनी ‘आमचं गाव पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात घ्या’ असे ठराव आपणहून केले होते. मार्च 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली 25 गावं तशी जाहीर करण्याचा आदेश केंद्राला दिला.

आदेशावर विसंबून बसण्यात अर्थ नाही. पाळी तोंडपाठ असलेली माणसं वाडीवाडीतून कमी होत चालली आहेत. कुठला झरा कुठल्या महिन्यापर्यंत वाहतो, कुठल्या बावीला कधी तळ लागतो, पाट कुठून कुठे जातो, हे त्यांना विचारून ग्रामसभेच्या वहीत तारीख-सहीनिशी लिहून घ्यायला हवं. उद्या पुन्हा कोणी डोंगर मागायला आला, तर त्याच्या अहवालाशेजारी ही वही टेबलावर ठेवता आली पाहिजे.