वाफेच्या इंजिनाची चाल : कोल्हापूरची रेल्वे, मिल आणि साखर कारखाने

बॉयलर वाफ तयार करतो, पण त्या वाफेला काम करायला लावतात ते इंजिनाचे हलते भाग : पिस्टन म्हणजे दट्ट्या, त्याचा दांडा, क्रॉसहेड, कनेक्टिंग रॉड, क्रँक आणि वाफेला आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह. यांतला पिस्टन सरळ रेषेत मागे-पुढे जातो, तर क्रँक गोल फिरतो. क्रँकच्या प्रत्येक फेरीत पिस्टनला दोनदा थांबून दिशा बदलावी लागते. हिसका, घर्षण आणि झीज ही इंजिनाची तिन्ही दुखणी या उलटसुलट चालीतून उपजतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दीडशे वर्षे इंजिनात ज्या सुधारणा होत गेल्या, त्यांतल्या बऱ्याचशा याच दुखण्यांवरचे उपाय होते.

कोल्हापुरात वाफ तीन वाटांनी आली : १८९१ मध्ये रेल्वेने, १९०६ मध्ये स्थापन झालेल्या शाहू मिलमुळे आणि १९३०च्या दशकापासून साखर कारखान्यांतून. रेल्वेला पुढे-मागे दोन्हीकडे धावणारे आणि चढ-उतारानुसार जोर बदलणारे इंजिन हवे होते. मिलला अखंड एकसारखी गती हवी होती. साखर कारखान्याला सावकाश फिरणारा पण दांडगा जोर हवा होता. या तीन गरजांमागे हलत्या भागांच्या रचनेचा सगळा इतिहास उभा आहे.

पाया : वॉटचे इंजिन

जेम्स वॉटने १७६९ मध्ये वेगळ्या कंडेन्सरचे, म्हणजे वापरलेली वाफ सिलिंडरबाहेर थंड करणाऱ्या भांड्याचे, पेटंट घेतले, पण इंजिन नीट चालेना. सिलिंडर पुरेसे गोल नसत आणि पिस्टनच्या कडेने वाफ निसटत असे. १७७४ मध्ये जॉन विल्किन्सनने तोफा कोरण्यासाठी यंत्र तयार केले आणि त्याच धर्तीवर सिलिंडर आतून अचूक कोरता येऊ लागले, तेव्हा ही अडचण सुटली. इंजिनाची पहिली मोठी सुधारणा अशी कोरीवकामाच्या अचूकपणातून आली.

त्यानंतरचा प्रश्न चालीचा होता. पंप ओढणाऱ्या जुन्या इंजिनात पिस्टन साखळीने तुळईला टांगलेला असे. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी वाफ सोडायची तर दांडा ताठ हवा आणि तो सरळ रेषेतच चालला पाहिजे. वॉटने १७८४ मध्ये दांड्यांची एक जुळणी करून हे साधले. पुढे दोन समांतर पट्ट्यांमध्ये सरकणारा क्रॉसहेड आला. त्याची रचना सोपी होती आणि दुरुस्तीही सोपी होती, त्यामुळे तोच टिकला. क्रँकचे पेटंट १७८० मध्ये जेम्स पिकार्डकडे गेले होते, म्हणून वॉटला काही वर्षे दात्यांच्या चाकांची वेगळी जोडणी वापरावी लागली.

पिस्टनभोवती सुरुवातीला तागाचा दोर चरबीत भिजवून गुंडाळत. तो जळे, झिजे आणि वारंवार बदलावा लागे. १८५०च्या दशकात जॉन रॅम्सबॉटमने पिस्टनच्या खाचांत बसणाऱ्या चिरलेल्या धातूच्या कड्या आणल्या. चीर असल्यामुळे कडी स्वतःच्या ताणाने सिलिंडरच्या भिंतीला चिकटून राहते आणि झिजली तरी थोडी पसरून फट भरून काढते. आजच्या मोटारसायकलच्या पिस्टनवरही हीच कडी असते.

रेल्वे : दिशा आणि जोर बदलणारी चाल

३ मे १८८८ रोजी कोल्हापूर–मिरज लोहमार्गाच्या कामाचा आरंभ राजर्षी शाहू महाराजांच्या हस्ते झाला. तेव्हा ते अवघ्या तेरा वर्षांचे होते. १८९१ मध्ये मार्ग खुला झाला. सुमारे ४७ किलोमीटरचा हा मीटरगेज फाटा कोल्हापूर संस्थानचा होता आणि सदर्न मराठा रेल्वे तो चालवत असे. मिरजेला तो पुणे–लोंढा मार्गाला मिळाला आणि कोल्हापूरच्या गुळाच्या रव्यांना दूरची बाजारपेठ उघडली.

रेल्वे इंजिनाला सुटताना पूर्ण जोर लागतो. गाडीने वेग घेतला की वाफ वाचवणे महत्त्वाचे ठरते. पिस्टनच्या पूर्ण धावेभर वाफ सोडत राहिले तर जोर मिळतो पण वाफ उधळली जाते. धावेच्या सुरुवातीच्या थोड्या भागातच वाफ सोडून व्हॉल्व्ह बंद केला, तर कोंडलेली वाफ फुगत फुगत पिस्टन पुढे रेटते. म्हणजे व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा, हे चालत्या गाडीत बदलता आले पाहिजे, आणि त्याच यंत्रणेने इंजिन उलटही फिरवता आले पाहिजे. १८४२ मध्ये स्टीफन्सनच्या कारखान्यात तयार झालेल्या वक्र दुव्याच्या जोडणीने ही दोन्ही कामे एका दांड्यावर आणली. १८४४ मध्ये बेल्जियमच्या एजीद वालशार्टने दुसरी जोडणी काढली. तिचे दांडे चाकांच्या बाहेर असत, त्यामुळे तेल घालायला आणि झीज तपासायला इंजिनाखाली शिरावे लागत नसे. स्वातंत्र्यानंतर भारतीय मीटरगेजवर आलेल्या वायपी आणि वायजी इंजिनांनाही हीच जोडणी होती.

व्हॉल्व्हही बदलला. जुना सपाट व्हॉल्व्ह वाफेच्या दाबाने आपल्या बैठकीवर दाबला जाई. त्याची पाठ २०० चौरस सेंटीमीटरची आणि दाब दर चौरस सेंटीमीटरला १० किलो धरला, तर त्याच्यावर २,००० किलोचा भार येतो. एवढ्या भाराखाली तो फेरीमागून फेरी सरकवायचा, म्हणजे ताकद वाया आणि बैठक खरवडलेली. त्याच्या जागी नळकांड्यासारखा पिस्टन-व्हॉल्व्ह आला. त्याच्या भोवती सगळीकडून सारखा दाब असल्याने तो हलका सरकतो. वाफ आणखी तापवून वापरण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा तर हा व्हॉल्व्ह अपरिहार्यच झाला. कारण कोरड्या तप्त वाफेत सपाट व्हॉल्व्हला वंगण टिकत नसे. त्याच वेळी चरबीची जागा खनिज तेलाने आणि तागाच्या पॅकिंगची जागा धातूच्या पॅकिंगने घेतली.

चाकांच्या आऱ्यांमध्ये एका बाजूला चंद्रकोरीसारखा भरीव भाग दिसतो. तो समतोलाचा भार होय. कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांच्या वजनाचा झोल तो सावरतो. मात्र पुढे-मागे जाणाऱ्या पिस्टनचे वजन फिरत्या भाराने पूर्ण तोलता येत नाही. तसा प्रयत्न केला तर चाक प्रत्येक फेरीत रुळावर हातोड्यासारखे आदळते, आणि पुलांना त्याचा फटका बसतो. म्हणून रचनाकार काही भागच तोलत आणि उरलेला हिसका इंजिनाच्या वजनावर सोपवत.

गाडी सुटताना इंजिनाच्या पुढच्या बाजूने जमिनीलगत वाफेचे पांढरे फवारे सुटत, त्यालाही कारण होते. थंड सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी होते आणि पाणी दाबले जात नाही. ते पिस्टनसमोर अडकले तर सिलिंडरचे झाकण फुटू शकते किंवा दांडा वाकतो. म्हणून ड्रायव्हर आधी खालचे नळ उघडून पाणी काढून टाकत असे.

शाहू मिल : एकसारखी चाल

२७ सप्टेंबर १९०६ रोजी शाहू महाराजांनी कोटितीर्थ तलावाच्या काठी श्री शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलची स्थापना केली. मिलचे धुराडे आणि भोंगा या कोल्हापूरच्या खुणा बनल्या.

कापडगिरणीच्या इंजिनाची कसोटी सुतावर होते. गती क्षणभर वाढली तर चात्यांवरचे सूत तुटते आणि मंदावली तर पीळ बिघडतो. एका इंजिनावर शेकडो यंत्रे चालत असल्याने एक हिसका सगळ्या मिलभर जाई. त्या काळच्या गिरण्यांत यासाठी तीन उपाय एकत्र येत. पहिला, अवजड फ्लायव्हील. क्रँक आणि दांडा एका रेषेत येतात तेव्हा क्रँकला फिरवणारा जोर शून्य होतो. त्या क्षणी साठवलेल्या गतीच्या बळावर फ्लायव्हीलच इंजिनाला पुढे नेते. त्याच्या कडेवरच्या खाचांतून सुती दोर मजल्यामजल्यावरच्या शाफ्टपर्यंत जात आणि तिथून चामडी पट्टे एकेका यंत्राला फिरवत.

दुसरा उपाय म्हणजे गव्हर्नर. वॉटने १७८८ मध्ये तो इंजिनाला जोडला. वेग वाढला की त्याचे दोन गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफ कमी होते. वेग घटला की गोळे आत येतात आणि वाफ वाढते. तिसरा उपाय अमेरिकेतल्या जॉर्ज कॉर्लिसने १८४९ मध्ये पेटंट केलेली व्हॉल्व्हची रचना. तिच्यात प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असतात : दोन ताज्या वाफेचे आणि दोन वापरलेल्या वाफेचे. गरम आणि थंड वाफेची वाट वेगळी झाल्याने उष्णता वाचली. शिवाय गव्हर्नर आता नळ आवळत बसत नसे. ताज्या वाफेचा व्हॉल्व्ह नेमका कधी सुटून बंद व्हावा, हे तो ठरवू लागला. त्यामुळे गती स्थिर राहिली आणि कोळसाही वाचला.

वाफ एकाच सिलिंडरमध्ये पूर्ण फुगवण्याऐवजी आधी लहान आणि मग मोठ्या सिलिंडरमध्ये फुगवण्याची पद्धतही गिरण्यांत रुळली. दोन सिलिंडरचे क्रँक काटकोनात ठेवले की एकाचा जोर संपतो तेव्हा दुसऱ्याचा भरात असतो, त्यामुळे चाल आणखी सलग होते.

या सगळ्यामागे बेअरिंगची निगा असे. क्रँकच्या बेअरिंगमध्ये कथिलाच्या मिश्रधातूचे मऊ अस्तर ओतलेले असते. १८३९ मध्ये आयझॅक बॅबिटने ही कल्पना पुढे आणली. वंगण चुकले तर हे मऊ अस्तर वितळते आणि महागडा पोलादी शाफ्ट वाचतो. नवे अस्तर ओतल्यावर फिटर शाफ्टला निळ्या रंगाचा पातळ हात देतो, बेअरिंग त्यावर बसवून फिरवतो आणि उघडून पाहतो. जिथे निळा डाग उमटला तो उंचवटा, तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा बसवणे, पुन्हा खरवडणे. सगळ्या पृष्ठभागावर बारीक ठिपके सारखे पसरले की बेअरिंग बसले. इंजिनात ठोका ऐकू येऊ लागला की सांध्यात ढिलाई आली हे जाणकार कानाला कळते, आणि इंजिन थांबताच बेअरिंगवर उलटा हात ठेवून ते किती तापले याचा अंदाज घेतला जातो.

साखर कारखाने : संथ आणि दांडगी चाल

१९३२ मध्ये भारतीय साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि देशभर कारखाने वाढले. कोल्हापुरात कसबा बावडा येथे कोल्हापूर शुगर मिल उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर वारणा, पंचगंगा, भोगावती, कुंभी-कासारी आणि बिद्री अशी सहकारी कारखान्यांची रांग लागली. गुऱ्हाळातला बैलांचा चरक जे काम करत असे, तेच इथे मोठ्या प्रमाणावर लोखंडी रुळांनी होऊ लागले.

ऊस पिळणारे रूळ मिनिटाला काही थोड्याच फेऱ्या घेतात, पण त्यांना लागणारा पीळ प्रचंड असतो. संथ गतीतही पूर्ण जोर देणारे वाफेचे इंजिन या कामाला अगदी योग्य ठरले. दात्यांच्या मोठ्या चाकांनी गती आणखी उतरवली जाई. उसाची मोळी एकदम जाड आली तर धक्का दात्यांतून क्रँकपर्यंत पोहोचे, म्हणून इथले शाफ्ट आणि बेअरिंग जाडजूड ठेवले जात.

इतरत्र विजेने वाफेला हटवले तरी साखर कारखान्यात वाफ टिकली, याचे कारण रसात आहे. इंजिनातून बाहेर पडलेली वाफ रस आटवायला लागतेच. पिळून उरलेले चिपाड बॉयलरला जळण म्हणून मिळते. त्यामुळे गिरणीत वाया जाणारी उष्णता इथे साखर बनवण्याच्या कामी येते.

ऑइल इंजिन आणि ओतकाम

वाफेनंतर नदीकाठच्या पंपांसाठी ऑइल इंजिन आले. सातारा रोडच्या कूपर कारखान्याने १९३०च्या दशकात डिझेल इंजिने बनवायला सुरुवात केली, तर १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. पुढे कोल्हापूरही शेतीच्या ऑइल इंजिनांचे मोठे केंद्र बनले. शिवाजी उद्यमनगर आणि वाय. पी. पोवारनगर येथे लेथ, ओतकामाच्या भट्ट्या आणि सुट्या भागांचे कारखाने दाटीने वाढले.

या इंजिनात क्रँक, कनेक्टिंग रॉड, कड्या, फ्लायव्हील आणि गव्हर्नर हे सगळे वाफेच्या इंजिनाकडूनच आले. फरक मोजके होते. क्रॉसहेड गेला आणि बाजूचा रेटा लांब पिस्टनच सोसू लागला. दोन फेऱ्यांतून एकदाच जोर मिळत असल्याने फ्लायव्हील अधिक भारी झाले. गव्हर्नर वाफेऐवजी तेल मोजू लागला.

सिलिंडर आणि कड्या बिडाच्या असत, यालाही कारण आहे. बिडातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे पृष्ठभाग तेल धरून ठेवतो आणि धातूवर धातू सहज घासला तरी लगेच चिकटत नाही. म्हणूनच चांगले इंजिन चांगल्या ओतकामावर अवलंबून असते. वाळूचा साचा, आतल्या पोकळीचा कोअर, बिडाचा रस योग्य तापमानाला ओतणे आणि मग लेथवर अचूक कोरणे, हे कौशल्य कोल्हापुरात या इंजिनांच्या निमित्ताने पक्के झाले. विजेच्या पंपांनी ऑइल इंजिनाची मागणी घटवली, तेव्हा याच भट्ट्या वाहनांच्या सुट्या भागांकडे वळल्या आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या औद्योगिक वसाहतींत विस्तारल्या.

मागे-पुढे जाणाऱ्या चालीचा शेवट

वाफेच्या इंजिनातली शेवटची मोठी सुधारणा म्हणजे उलटसुलट चालच काढून टाकणे. चार्ल्स पार्सन्सने १८८४ मध्ये वाफेचे टर्बाइन तयार केले. त्यात वाफ पात्यांच्या चक्रांवर आदळून शाफ्टला थेट गोल फिरवते. पिस्टन नाही, क्रँक नाही, दिशा बदलणारा एकही भाग नाही.

कोल्हापूरच्या रेल्वेमार्गावरून वाफेची इंजिने गेली. शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. साखर कारखान्यांत मात्र पिस्टनच्या इंजिनांची जागा टर्बाइनने घेतली आणि पुढे त्याच वाफेवर वीजनिर्मितीही सुरू झाली. दर गळीत हंगामात चिपाड जळते, बॉयलर तापतो आणि वाफ आधी टर्बाइन फिरवून मग उसाचा रस आटवते.