यजमानाची जनुकरचना व जननमार्गाचे जिवाणूसंसर्ग

जननमार्गात शिरलेल्या जिवाणूला शरीर कसे तोंड देते, हे काही अंशी वारशाने ठरते. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिसचा संसर्ग झालेल्या बहुतेक स्त्रियांना त्याचा पत्ताही लागत नाही. अनेकींचा संसर्ग उपचारांविना ओसरतो, तर काहींच्या अंडवाहिन्या व्रण धरून बुजतात आणि वंध्यत्व येते. उपचारांतील दिरंगाई व पुनःपुन्हा होणारा संसर्ग ही कारणे खरीच, पण तेवढ्याने हा फरक उलगडत नाही. गँबियातील जुळ्यांच्या अभ्यासात (२००९) क्लॅमिडियाला लसिकापेशींनी दिलेल्या प्रतिसादातील सुमारे ४० टक्के तफावत आनुवंशिक असल्याचा अंदाज निघाला.

यंत्रणा : अंडवाहिनीची बरीचशी हानी यजमानाच्या स्वतःच्याच दाहामुळे होते. म्हणून येथे प्रतिसाद जोरदार असून भागत नाही. तो वेळेवर सुरू व्हावा लागतो आणि वेळेवर आवरावाही लागतो. टी-पेशींतून स्रवणारे इंटरफेरॉन-गॅमा मानवी पेशीत ट्रिप्टोफॅन मोडणारे विकर चालू करते आणि त्या ॲमिनो आम्लावर जगणाऱ्या क्लॅमिडियाची उपासमार होते. जननमार्गात वाढणाऱ्या वाणांनी इंडोलपासून ट्रिप्टोफॅन बनवण्याची क्षमता राखली आहे. डोळ्यांत खुपऱ्या निर्माण करणाऱ्या वाणांत ती नाही. इंडोल पुरवतात ते योनीतील इतर जिवाणू. त्यामुळे एकट्या यजमानाच्या जनुकांवरून संसर्गाचा परिणाम वर्तवता येत नाही.

उंदरांवरील प्रयोग : सी५७ब्लॅक/६ वाणाचे उंदीर संसर्ग लवकर निपटतात, सी३एच वाणात तो रेंगाळतो व अंडवाहिन्या अधिक फुगतात (१९९७).

पूरक प्रथिने : या विषयातील सर्वांत निर्विवाद उदाहरण. रक्तातील सी५ ते सी९ ही प्रथिने एकत्र येऊन निसेरिया वंशाच्या जिवाणूंच्या आवरणाला छिद्रे पाडतात. त्यांपैकी एखादे जन्मतः नसेल, तर परम्याचा जिवाणू रक्तात पसरण्याचा धोका वाढतो आणि मेनिंगोकॉकसचे आजार वारंवार होतात. अशा रुग्णांना मेनिंगोकॉकसची लस देतात व भावंडांची तपासणी करतात.

एचएलए व इतर जनुके : फिनलंड व केनियातील अभ्यासांत अंडवाहिनीजन्य वंध्यत्वाशी एचएलए-डीक्यूच्या काही प्रकारांचा संबंध आढळला, मात्र दोन्ही ठिकाणचे प्रकार एकसारखे नव्हते. टोलसदृश ग्राही आणि इंटरल्यूकिन-१० यांच्या जनुकांबाबतही निष्कर्ष जुळत नाहीत.

रक्तगट-शर्करा : या शाखेचा एक धागा मुंबईत सुरू होतो. १९५२ साली सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. पुढे तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला गेला. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ए, बी तर नसतातच, पण ज्यावर ते रचले जातात तो एच पदार्थही नसतो. त्यामुळे ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नाही. बॉम्बे गटाचाच दाता शोधावा लागतो. भारतात हे प्रमाण साधारणतः दहा हजारांत एक मानतात. दोष अप्रभावी असल्याने नात्यातल्या विवाहांत तो अधिक दिसतो.

भारतीय बॉम्बे व्यक्तींत १९व्या गुणसूत्रावरील दोन शेजारी जनुके एकत्रच बिघडलेली असतात : तांबड्या पेशींवर एच घडवणारे एफयूटी१ आणि लाळ, श्लेष्म इत्यादींत तो उतरवणारे एफयूटी२. दुसरे निकामी असलेल्यांना ‘अस्रावक’ म्हणतात. युरोपीय वंशाच्या लोकांत ते पाचांत एक इतके असतात. वारंवार मूत्रमार्गदाह होणाऱ्या स्त्रियांत अस्रावकांचे प्रमाण जास्त आढळते. अस्रावक स्त्रियांच्या योनिपेशींवर ई. कोलाय जिवाणूला चिकटण्यास सोयीचे शर्करामेद उघडे राहतात, असे १९९२ मध्ये दाखवले गेले. मूत्रमार्गात चढण्यापूर्वी हा जिवाणू योनीतच ठाण मांडतो, म्हणून ही बाब येथे महत्त्वाची. बॉम्बे गटाच्या स्त्रियांना जननमार्गाचे आजार अधिक होतात, असा अर्थ मात्र यातून काढू नये.

जननमार्गाचा क्षय : भारतात वंध्यत्वाचे महत्त्वाचे कारण, पहा ‘क्षयरोग’.

महाराष्ट्रातील रोगभार : राणी बंग, अभय बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली (प्रसिद्धी १९८९). ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. दर स्त्रीमागे सरासरी ३.६. त्यांतील निम्मे जननमार्गाच्या संसर्गाचे होते. याआधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाणे हे बाईच्या जातीला असायचेच, अशी समजूत असलेल्या समाजात या आकड्यांचे मोल फार मोठे आहे. जनुकीय संशोधनासाठी नमुने रुग्णालयात आलेल्या स्त्रियांतून घेतले, तर अशा न आलेल्या स्त्रिया हिशेबातून सुटतात आणि निष्कर्ष एका बाजूला झुकतो.

उपचार : जनुकचाचणीवरून प्रतिजैविक ठरवण्याची पद्धत रूढ नाही. जोडीदारासह पूर्ण उपचार हाच प्रघात आहे.