नॅशव्हिलचा ब्रॉडवे

टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल. राष्ट्राध्यक्ष हेज यांनी 1877 मध्ये कोनशिला बसविलेल्या तेथील गॉथिक जकातकचेरीवरून ब्रॉडवेने कंबरलँड नदीच्या रोखाने उतरू लागले म्हणजे दुतर्फा मद्यगृहांतील गिटार-फिडलच्या कल्लोळात पांथस्थाची दृष्टी सहसा पाट्यांच्या वर जात नाही. ती वर नेली, तर या वस्तीवरील व्यापाऱ्यांची मोहर स्पष्ट दिसते. लगतच्या सेकंड ॲव्हेन्यूवरील एकोणिसाव्या शतकातल्या विटांच्या वखारी एका रस्त्यापासून दुसऱ्यापर्यंत लांबत गेल्या, त्या नदीकडील दाराने आगबोटीचा माल आत घ्यावा आणि शहराकडील दाराने त्याची विक्री करावी, या सोयीसाठी.

अशाच आगबोटींचा मालक टॉमस रायमन. सॅम जोन्स या प्रवचनकाराच्या वाणीने 1885 मध्ये त्यास उपरती झाली, आणि त्याच्या पुढाकाराने 1892 मध्ये लाल विटांचे, टोकदार कमानींचे, उंच उतरत्या छपराचे प्रार्थनामंदिर, म्हणजेच आजचे ‘रायमन’, पूर्ण झाले. प्रवचनासाठी उभारलेल्या त्या वास्तूचा नाद गायकांच्या पथ्यावर पडला. 1943 पासून 1974 पर्यंत ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा नभोवाणीवरील जलसा तेथेच भरे. श्रोते चर्चच्या लाकडी बाकांवर दाटीने बसत, आणि रंगपटाची धड सोय नसल्याने कलावंत मागील बोळ ओलांडून टूट्सीच्या जांभळ्या मद्यगृहात विसावत. जोन्सने प्रवचनांतून मद्यपानावर आसूड ओढले होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

1974 मध्ये ऑप्री मध्यवस्तीपासून दूर नव्या नाट्यगृहात गेली. जाताना जुन्या रंगमंचाच्या ओक फळ्यांचे एक वर्तुळ कापून नेले. मूर्ती हलवून देऊळ ओस टाकावे, तसाच हा प्रकार झाला. ती वास्तू पाडून तिच्या विटांचे एक लहानसे चर्च बांधण्याचीही तजवीज झाली होती. स्थापत्यसमीक्षक एडा लुईस हक्स्टेबल यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून या तजविजीचा खरपूस समाचार घेतला. वास्तू वाचली, परंतु रस्त्यास अवकळा आली, आणि रायमनचा जीर्णोद्धार होऊन त्याची दारे पुन्हा उघडण्यास 1994 साल उजाडले.

2001 मध्ये जवळच उभ्या राहिलेल्या कंट्री संगीताच्या संग्रहालयाच्या खिडक्या पियानोच्या पट्ट्यांप्रमाणे रचल्या आहेत. ही युक्ती मला अंमळ बाळबोध वाटते. रायमनच्या बाकांवर घटकाभर बसलेल्या माणसाला अशा खुणेची गरज भासत नाही. 2020 च्या नाताळच्या पहाटे झालेल्या स्फोटात सेकंड ॲव्हेन्यूवरील अनेक जुन्या इमारतींची मोठी हानी झाली. तेव्हा तिकडे जाणाऱ्याने मद्यगृहांत शिरण्यापूर्वी उरलेल्या वखारी दिवसाउजेडी पाहून घ्याव्यात.