सात मिनिटे उशिराचा सामना

आमच्या मोहल्ल्यात १९८३ साली एकच टीव्ही होता. विश्वचषकाचा अंतिम सामना पाहायला त्या घरात इतकी माणसे जमली की घरमालकालाच दारात उभे राहावे लागले. सय्यद किरमाणीने फौद बॅकसचा झेल टिपला तेव्हा झालेला गलका आम्हांला अजून आठवतो. टीव्हीचे वार्षिक लायसन तेवढे घरमालकाने भरलेले. आम्ही सारे फुकटे प्रेक्षक!

त्या काळी सामन्याला विक्रीमूल्य असते हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. उलट सामना दाखवायचा तर दूरदर्शनच क्रिकेट मंडळाकडे पैसे मागे. हे चित्र १९९३ च्या हिरो कपाने पालटले. बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला विकले, दूरदर्शनने हरकत घेतली आणि भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही, असे न्यायालयाने सांगितले. सरकारची मक्तेदारी गेली हे चांगलेच झाले. पण मालमत्ता सार्वजनिक म्हणजे आपल्या सर्वांची, या अर्ध्या भागाचा विसर फार लवकर पडला.

२००७ च्या जानेवारीत वेस्ट इंडिजचा संघ आला, तेव्हा हक्क एका खाजगी वाहिनीकडे होते. दिल्ली उच्च न्यायालयाने दूरदर्शनला सात मिनिटे उशिरा प्रक्षेपण करण्याची मुभा दिली. शेजारच्या गल्लीत फटाके फुटत आणि आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धाव घेत असे! याच सुमारास सरकारने अध्यादेश काढला, पुढे त्याचा कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीलाही द्यायचे आणि जाहिरातीच्या उत्पन्नातले ७५ टक्के हक्कदाराने, २५ टक्के प्रसार भारतीने घ्यायचे. पण २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ही सोय अँटेना आणि दूरदर्शनच्या मोफत डिशपुरतीच मानली. केबलवर दूरदर्शन दिसे, सामना मात्र दिसत नसे. आयपीएल तर या यादीत नव्हतीच.

मग सामना मोबाइलमध्ये शिरला. जून २०२२ मध्ये आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले. टीव्हीचा धनी वेगळा, इंटरनेटचा वेगळा. इंटरनेटवाल्याने २०२३ चा हंगाम फुकट दाखवला. तो रमजानचा महिना होता. तरावीह आटोपून मुले मशिदीच्या पायऱ्यांवर मोबाइलभोवती गोळा होत, आणि १९८३ चे ते घर आम्हांला तिथे पुन्हा दिसे. पुढे दोन्ही धनी एकत्र आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवे अ‍ॅप निघाले आणि आयपीएलला तिकीट लागले : मोबाइलपुरते, जाहिरातींसकट, तीन महिन्यांचे १४९ रुपये. रिचार्जबरोबर ते मिळे, पण रिचार्जही फुकट नसतो. चटक लावून दुकान थाटणे हा धंदा जुनाच आहे.

परदेश दौऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. तिथले हक्क यजमान मंडळ विकते, म्हणून दर दौऱ्याला नवा दुकानदार. २०२२ चा न्यूझीलंड दौरा अ‍ॅमेझॉन प्राइमवर, २०२४ चा श्रीलंका दौरा सोनी लिव्हवर, त्याच वर्षअखेरचा ऑस्ट्रेलिया दौरा हॉटस्टारवर. संघ तोच, फलंदाज तेच, वर्गणी मात्र तीन ठिकाणी. कमावत्या पोराला हे जमते. पण त्याच घरातल्या आजोबांना, ज्यांनी रेडिओला कान लावून बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकले, त्यांना अ‍ॅपचा पासवर्ड मागण्यासाठी नातवाची वाट पाहावी लागते.

परवाच एक शेजारी चाचा दारात येऊन विचारत होते, "आजची मॅच कुठे लागणार?" आम्ही मोबाइल काढला, दोन अ‍ॅप उघडून पाहिली. तिसऱ्याची वर्गणी संपली होती. तेवढ्यात पलीकडच्या इमारतीतून आरोळी उठली. चाचा म्हणाले, "विकेट पडली वाटतं," आणि आवाजाच्या दिशेने चालू लागले.