सार्त्रचा विद्यार्थी आणि साताऱ्याचे फरारी

१९४३ च्या जून महिन्यात, जर्मन फौजेच्या अमलाखाली दबलेल्या पॅरिसमध्ये झां-पॉल सार्त्र याच्या ‘माशा’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. आणि त्याच महिन्याच्या ७ तारखेस इकडे शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या तरुणांनी सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवून लुटली. या दोन घटनांचा परस्परांशी सुतराम संबंध नाही, हे मला मान्य आहे. तरीही सार्त्र वाचताना माझे मन वारंवार कृष्णाकाठी येते, त्याचे कारण त्याने सांगितलेली एक हकीकत.

२९ ऑक्टोबर १९४५ च्या ज्या व्याख्यानाने अस्तित्ववाद सर्वतोमुखी झाला, त्यात ती आहे. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन चढाईत कामी आलेला, बाप शत्रूशी जमवून घेण्याकडे झुकलेला आणि आईचा जीव या उरलेल्या मुलात गुंतलेला. अशा स्थितीत इंग्लंड गाठून स्वतंत्र फ्रान्सच्या सेनेत शिरावे की आईजवळ राहावे, हे विचारावयास एक विद्यार्थी सार्त्रकडे आला. कोणतेही शास्त्र याचा निवाडा देऊ शकत नाही, तू स्वतंत्र आहेस, निवड तुझी तूच कर, एवढेच गुरूने सांगितले. मनुष्य आधी असतो, मग आपल्या कृतीने आपले सत्त्व घडवितो, आणि स्वतःसाठी निवडताना अखिल मानवजातीसाठीही निवडतो, हा त्याचा सिद्धान्त.

अशीच निवड कृष्णाकाठच्या पोरांपुढेही उभी होती. आजच्या सांगलीचा बराच मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडत असे. पुढे प्रतिसरकारचे नेते झालेल्या येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांनी तलाठ्याचे दप्तर १९३० सालीच खाली ठेवले होते. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूज आणि इस्लामपूर येथे कचेरीवर चालून गेलेल्या निःशस्त्र मोर्च्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा कुंडल-वाळव्याकडील विशीतल्या पोरांनी घर सोडले आणि पुढे इंग्रजी अमलाला समांतर असे प्रतिसरकार उभे राहिले. त्याने गावोगाव न्यायमंडळे नेमली, तंटे तोडले, दरोडेखोरांना आणि सरकारच्या खबऱ्यांना तळपायांवर फटके दिले. या शेवटच्या प्रकाराचे कौतुक करताना माझी जीभ थोडी अडखळते. मानवजातीसाठी निवडण्याची जोखीम ती हीच असावी. २४ जुलै १९४३ रोजी याच लढ्यात पकडले गेलेले वसंतराव पाटील व त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलागात पाटील गोळी लागून जखमी झाले, अण्णासाहेब पत्रावळे ठार झाले.

सार्त्रच्या तराजूत एका पारड्यात आई आहे, दुसऱ्यात देश. आणि काटा धरणारा मुलगा सर्वस्वी एकटा. आमच्याकडे हा तराजू चालत नाही. मुलगा फरारी झाला की जप्ती येई ती घरावर, भांडीकुंडी बाहेर निघत ती आईसमोर, म्हणजे निवडीची किंमत मोजणारी तीच. पण ती काही नुसती पारड्यात बसून राहिली नाही. रात्री कडी वाजली की आवाज ओळखून दार उघडायचे, दोन भाकऱ्या आणि कांदा फडक्यात बांधून द्यायचा, वस्तीला आलेल्या अनोळखी पोरांनाही वाढायचे, आणि उजाडता फौजदार दारात उभा राहिला की, पोरगं कित्येक महिन्यांत इकडं फिरकलंच नाही, असे चुलीतल्या राखेवरची नजर न उचलता सांगायचे.