पेप्टाइड : त्वचेचे आणि संप्रेरकाचे

अमिनो आम्लांच्या आखूड साखळीला पेप्टाइड म्हणतात. साधारण पन्नासच्या पुढे साखळी लांबली की तिला प्रथिन म्हणण्याचा प्रघात आहे. 51 अमिनो आम्लांचे इन्शुलिन नेमके सीमेवर बसते. बोईसरच्या एखाद्या मोठ्या मेडिकलमध्ये या कुळातले दोन पदार्थ हाताच्या अंतरावर सापडतात. काउंटरच्या काचेत निळसर सीरमची बाटली असते आणि मागच्या फ्रिजमध्ये सेमाग्लुटाइडचे पेन. बाटली कोणीही विकत घ्यावी, पेनासाठी मात्र डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

सीरमला निळा रंग येतो तो त्यातल्या पेप्टाइडाने धरलेल्या तांब्यामुळे. ग्लायसीन, हिस्टिडीन आणि लायसीन या तीनच अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड लॉरेन पिकार्ट यांनी 1973 मध्ये मानवी रक्तद्रवातून वेगळे केले. त्याचा रेणूभार सुमारे 340 डाल्टन, तांबे धरून 400 च्या आसपास. त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर साधारण 500 डाल्टनपेक्षा मोठे रेणू आत सोडत नाही, असा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने हे पेप्टाइड आत जायला हवे. पण ते पाण्यात विरघळणारे आणि विद्युतभारित असल्याने तेलकट थरातून सहज सरकत नाही. परीक्षानळीतल्या पेशींवर दिसलेला परिणाम गालावर तसाच दिसेल असे म्हणूनच धरता येत नाही. जाहिरातींत मात्र दोन्ही एकच मानले जातात.

यावर उपाय म्हणून प्रसाधन-रसायनज्ञांनी पेप्टाइडला स्निग्धाम्लाची शेपटी जोडली. पाच अमिनो आम्लांना पामिटिक आम्ल जोडून केलेले पेप्टाइड सुरकुत्यांच्या क्रीममध्ये बरेच वापरले जाते. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या संशोधकांनी 2005 मध्ये 93 स्त्रियांवरील 12 आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. क्रीममधले प्रमाण होते दहा लाख भागांत 3 भाग. सुरकुत्यांत फरक पडला, पण माफक. विकणाऱ्यानेच मोजलेला फरक, हेही ध्यानात ठेवावे.

गंमत अशी की सेमाग्लुटाइडमध्येही हीच युक्ती आहे, फक्त हेतू वेगळा. जेवणानंतर आतड्यातून जीएलपी-1 हे संप्रेरक स्रवते. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला पोट भरल्याचे कळवते. पण एक विकर त्याला दोनेक मिनिटांत निकामी करते. सेमाग्लुटाइड ही त्याचीच 31 अमिनो आम्लांची सुधारित आवृत्ती. विकर जिथे कात्री लावते तिथले अमिनो आम्ल बदलले आहे, आणि 18 कर्बांचे स्निग्धाम्ल जोडल्यामुळे रेणू रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहतो. दोन मिनिटांचे अर्धायुष्य त्यामुळे जवळजवळ आठवड्यावर गेले आणि आठवड्याला एक टोचणी पुरू लागली. क्रीममधली शेपटी कातडीत शिरण्यासाठी, इथली रक्तात टिकण्यासाठी.

रेणूभार 4,114 डाल्टन असल्याने हे औषध चोळून काहीही साधणार नाही. गोळी निघाली आहे, पण शोषणाला मदत करणारे वेगळे रसायन घालूनही तिच्यातला जेमतेम एक टक्का रक्तात पोहोचतो. म्हणून ती रिकाम्या पोटी, घोटभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास काही न खाण्याची अट. परिणाम मात्र क्रीमच्या तुलनेत वेगळ्याच पातळीवरचा आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 1,961 जणांच्या चाचणीत 68 आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे सरासरी वजन 14.9 टक्के घटले. औषधाविना टोचणी घेणाऱ्यांचे 2.4 टक्के. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास. थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास असलेल्यांना ते देत नाहीत.

क्रीम आणि औषध दोन्हींना 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो. प्रसाधनांसाठी 2020 पासून स्वतंत्र नियम आहेत. त्यांत परवाना, घटकांची सुरक्षितता आणि लेबल पाहिले जाते. सुरकुत्या खरोखर जातात का, याची रुग्णांवरील चाचणी बाजारात येण्यापूर्वी मागितली जात नाही. नव्या औषधाला ती द्यावीच लागते.

निर्मितीत हा भेद पुसट होतो. ब्रूस मेरिफिल्ड यांनी 1963 मध्ये मांडलेल्या आणि 1984 चे नोबेल मिळवून देणाऱ्या पद्धतीत राळेच्या मण्यांवर एकेक अमिनो आम्ल चढवत जातात. लहान पेप्टाइडे, मग ती क्रीमची असोत वा औषधाची, बहुधा अशीच होतात. सेमाग्लुटाइडचा कणा मूळ कंपनी यीस्टकडून करून घेते. महाराष्ट्रात तुर्भ्याच्या हेम्मो फार्मास्युटिकल्सने कृत्रिम पेप्टाइडांत नाव कमावले. 2021 मध्ये पिरामल फार्माने ती 775 कोटी रुपयांना घेतली. बोईसर स्थानकाच्या पश्चिमेच्या तारापूर औद्योगिक क्षेत्रात लुपिन, आरती ड्रग्ज अशांचे बल्क ड्रगचे कारखाने आहेत. पेप्टाइडाच्या प्रत्येक जोडणीनंतर मणी द्रावकाने धुवावे लागतात, त्यामुळे मालाच्या कैक पट द्रावक खर्ची पडते. सांडपाण्याचा वाद हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलेल्या तारापूरला हा तपशील क्षुल्लक वाटणार नाही.

अलीकडे तांब्याच्या पेप्टाइडाची भुकटी ‘केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेल्या कुप्यांतून ऑनलाइन मिळते आणि काही जण ती घरीच पाण्यात कालवून टोचून घेतात. चेहऱ्यावर लावण्याच्या मालाला निर्जंतुकतेची आणि जिवाणूंच्या विषांशांची जी तपासणी लागत नाही, ती टोचणीच्या औषधाला प्रत्येक बॅचमध्ये करावी लागते. या कुप्यांवर ती झाल्याचा भरवसा देणारा परवानाधारक कोणी नसतो.